सिनेमा पाहून आल्यावर मंडळीत काय बोलायचं?

रविवारची उपासना सुटली की तरुण मुलं चर्चच्या आवारात घोळका करून उभी राहतात. त्यांचं बोलणं जरा कान देऊन ऐका. मिरज असो, सांगली असो, सातारा की वाई, निम्मं बोलणं सिनेमाचं असतं. कुठला लागलाय, कुठला मोबाइलवर आलाय, शेवट पटला की नाही. याच मुलांना विचारा की चर्चमध्ये सिनेमाबद्दल आजवर काय ऐकलंत. बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, "काहीच नाही," नाहीतर "बघू नका एवढंच." गुड फ्रायडेच्या आठवड्यात प्रभू येशूच्या जीवनावरचा चित्रपट पडद्यावर लागतो, तेवढाच काय तो अपवाद.

हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. आपली माणसं पडद्यासमोर रडतात, चिडतात, प्रेमाबद्दल आणि न्यायाबद्दल मतं बनवतात, आणि त्या सगळ्याबद्दल बोलायला मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या समुदायात, जागा नसते. सिनेमा म्हणजे शेजाऱ्यानं सांगितलेली गोष्ट आहे. शेजाऱ्याची गोष्ट आपण आधी पुरती ऐकून घेतो, मग आपलं बोलतो. तिचा आमिषासारखा वापर करायचा नाही आणि न ऐकता तिच्यावर तुटूनही पडायचं नाही. हे प्रत्यक्षात कसं जमवायचं, ते पाळक, तरुण संघ, महिला मंडळ आणि घरातले आईवडील यांच्यासाठी इथे लिहितो आहे.

ही परंपरा आपलीही आहे

दादासाहेब फाळक्यांनी 1910 च्या सुमारास मुंबईत 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र चाललं होतं आणि आपल्या डोळ्यांपुढे मात्र राम-कृष्ण उभे राहत होते, असं त्यांनी पुढे स्वतः लिहिलं. त्याच ध्यासातून 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेतच प्रभू येशूवरचा एक चित्रपट आहे, ही गोष्ट मंडळीत फार थोड्यांना ठाऊक असते. पाहणाऱ्याच्या मनात काय उभं राहील ते दाखवणाऱ्याच्या हातात नसतं, हेही याच प्रसंगातून शिकण्यासारखं आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये ते ध्यानात ठेवा.

आपल्या मातीकडेही पाहा. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं. शेजारच्या कोल्हापुरात 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 मध्ये साताऱ्याला आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. अभंग, ओवी, कीर्तन हे मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेले प्रकार त्यांनी ख्रिस्तकथेसाठी बिनदिक्कत वापरले. लोक ज्या कलेत रमतात तिच्याशी बोलायचं धाडस या भागातल्या ख्रिस्ती माणसांनी शंभर वर्षांपूर्वीच केलेलं आहे.

पहिली पायरी: पाळक आणि पंचांशी आधी बोला

तरुण संघानं परस्पर कार्यक्रम ठरवला आणि पंचांना, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांना, तो फलकावर वाचून कळला, की पहिल्याच दिवशी वाद होतो. म्हणून आधी पाळकांना भेटा. सोबत कागदावर चार ओळी न्या: कोणता चित्रपट, का, कुठे बघणार, चर्चा कोण चालवणार.

मंडळीत सिनेमा न बघणारी माणसं असतात. काहींच्या घरी तसं वळणच नव्हतं. काहींनी व्यसन सोडताना जुन्या संगतीबरोबर सिनेमाही सोडलेला असतो. त्यांना मागासलेलं समजू नका. रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात पौल खाण्यापिण्याच्या मतभेदांबद्दल बोलतो. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, हे त्याचं म्हणणं इथे तंतोतंत लागू पडतं. पाळकांनी हा भाग पहिल्या कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी वाचला तर अर्धी कुरबुर आपोआप थांबते. कार्यक्रम ऐच्छिक आहे हेही तेव्हाच सांगून टाका.

गट लहान ठेवा. दहा-बारा माणसं पुरेत. पन्नास जमले तर चार जण बोलतात आणि बाकीचे चहाची वाट बघतात.

दुसरी पायरी: चित्रपट निवडा, आणि आधी एकट्यानं बघा

'आमच्या ओळखीचा एक जण म्हणाला चांगला आहे' एवढ्यावर चित्रपट ठरवू नका. चर्चा चालवणाऱ्यानं तो आधी पूर्ण पाहिलेला हवा, शक्य असेल तर दोनदा.

प्रमाणपत्र बघा. 'यू', 'यूए' आणि 'ए' हे आपल्याला माहीत आहेत. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनं 'यूए'चे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले आहेत, त्याचा आईवडिलांना उपयोग होतो. पण प्रमाणपत्रावरून वय कळतं, चित्रपटाचं मोल कळत नाही. सगळ्या कुटुंबानं बसून बघावा असा 'यू' चित्रपट पैशाची हाव गोड करून दाखवू शकतो. उलट एखादा कठोर चित्रपट माणसाच्या पापाबद्दल अगदी खरं बोलतो. बायबलही पाप झाकून ठेवत नाही. दावीद राजानं दुसऱ्याची बायको बथशेबा हिला आपलंसं केलं आणि तिच्या नवऱ्याला मारवलं, ती गोष्ट आपण रविवारी वाचतोच. तेव्हा 'यात वाईट दाखवलंय का' एवढंच विचारून थांबू नका. 'वाईटाला वाईट म्हटलंय का, की ते मिरवलंय' हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

सुरुवात धार्मिक चित्रपटानं करू नका, हा माझा आग्रह आहे. धार्मिक चित्रपट लागला की सगळे पाठ केलेली उत्तरं देतात. माणसांची साधी गोष्ट घ्या. मराठीतले तीन चित्रपट मी सुचवीन.

संदीप सावंत यांचा 'श्वास' (2004). कोकणातले आजोबा नातवाला घेऊन पुण्यात येतात आणि मुलाच्या डोळ्यांत कर्करोग असल्याचं कळतं. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. मिरजेच्या मंडळ्यांसाठी याहून जवळचा विषय कुठला? 1894 मध्ये मिशनरी डॉ. वानलेस यांनी तिथे रुग्णालय सुरू केलं, आणि तिथल्या किती ख्रिस्ती घरांत परिचारिका, डॉक्टर, प्रयोगशाळेत काम करणारी माणसं आहेत!

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (2013). गावकुसाबाहेरच्या जब्या नावाच्या पोराची गोष्ट. याबद्दल पुढे सविस्तर बोलतो.

आणि प्रभातचा 'संत तुकाराम' (1936), ज्याचा 1937 च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला. रेव्हरंड टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मग साताऱ्याच्या मंडळीनं तो पूल एकदा तरी डोळ्यांनी बघायला काय हरकत आहे? त्यातला एक प्रसंग असा: मूल आजारी पडतं आणि संतापलेली जिजाई हातात वहाण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. तो बघून झाल्यावर स्तोत्र 13 उघडा. "हे परमेश्वरा, किती काळ तू मला विसरणार?" असं विचारणारा भक्त तिथेही आहे. देवाशी भांडायला आपल्या प्रार्थनेत जागा आहे का, यावर महिला मंडळात तासभर बोलणं होऊ शकतं. आणि ज्या बायका एरवी फक्त 'आमेन' म्हणतात, त्याही बोलतील.

तिसरी पायरी: बघायचं कुठे आणि कायद्यात कसं बसवायचं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका.

चर्चच्या सभागृहात प्रोजेक्टर लावून कॉपीराइट न संपलेला सिनेमा दाखवणं हे 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शन ठरतं आणि त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. 'आपण पैसे घेत नाही' किंवा 'हे धार्मिक काम आहे' म्हणून सुटका होत नाही. कलम 52 मध्ये धार्मिक समारंभाची सवलत आहे, पण ती साहित्य, नाट्य, संगीत आणि ध्वनिमुद्रणाला आहे. चित्रपट त्यात येत नाही. ओटीटीची वर्गणीही घरगुती वापरासाठीच असते.

मग सोपे मार्ग तीन. चित्रपट लागलेला असेल तर सगळ्यांनी मिळून सिनेमागृहात जा आणि चर्चा नंतर चर्चमध्ये करा. नसेल लागला तर ज्यानं त्यानं आठवडाभरात आपापल्या घरी रीतसर बघायचा आणि शनिवारी संध्याकाळी एकत्र यायचं. बायकांना घरच्या कामातून वेळ काढायचा असतो, त्यांना ही पद्धत जास्त सोयीची पडते. आणि सभागृहातच एकत्र बघायचा असेल तर जुना चित्रपट घ्या: आपल्याकडे चित्रपटावरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे 'संत तुकाराम'वरचा तो हक्क केव्हाच संपलेला आहे.

टेलिग्रामवरून उतरवलेली फाइल चर्चच्या लॅपटॉपवर नको. सिनेमागृहात चोरून चित्रण करण्यासाठी 2023 च्या दुरुस्तीनं किमान 3 महिने ते 3 वर्षं कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड ठेवला आहे. अशाच चोरीचा माल पुढे आपल्या फोनवर येतो. 'चोरी करू नको' ही आज्ञा ज्या भिंतीवर लिहिली आहे, तिच्यावरच चोरलेला चित्रपट दाखवायचा, हे मला सहन होत नाही.

चौथी पायरी: बघताना काय बघायचं

आपल्याकडे ख्रिस्ती प्रेक्षक बहुधा दोन गोष्टी मोजतो: शिव्या किती आणि दारूचे प्रसंग किती. मोजून झालं की निकाल. त्यापेक्षा कॅमेरा कुणाच्या उंचीवरून बघतोय ते पाहा. कोण बोलतं आणि कोण गप्प आहे? कुणाला नाव आहे आणि कुणाला नुसतं 'ए पोरा'? गाणं कुठे येतं आणि कुठे मुद्दाम येत नाही? चित्रपट कुणावर माया करतो?

'फँड्री'मधला एक प्रसंग या सवयीसाठी अगदी योग्य आहे. जब्याचं कुटुंब गावात डुक्कर पकडायला धावतंय. डुक्कर आवाक्यात येतं, आणि नेमकं त्याच वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निघून जातं. पुढे मेलेलं डुक्कर बांबूला लटकावून नेताना ते शाळेच्या भिंतीजवळून जातात, आणि त्या भिंतीवर बाबासाहेबांची आणि इतर समाजसुधारकांची चित्रं आहेत. कुणी एक वाक्य बोलत नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ आपल्याकडे, बघणाऱ्याकडे येतो.

हा दगड मंडळीत बसून झेलायचा आहे. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा-खापरपणजोबा गावकुसाबाहेरूनच चर्चमध्ये आले. येशूच्या टेबलाशी सगळे समान, या शब्दावर विश्वास ठेवून आले. तेव्हा प्रश्न असा विचारा: आज आपल्या मंडळीत सोयरीक जुळवताना जुनी जात विचारली जाते का? कुणाच्या घरी प्रीतिभोजनाचं पातेलं शिजतं आणि कुणाला भांडी घासायला सांगतात? या प्रश्नानंतर शांतता पसरली तर घाबरू नका आणि ती लगेच प्रार्थनेनं झाकू नका. कुणीतरी बोलेल. थांबा.

पाचवी पायरी: चर्चा चालवणं

सगळ्यात जास्त मेहनत इथे आहे. बहुतेक ठिकाणी चर्चा फसते, कारण चालवणारा दहाव्या मिनिटाला प्रवचन सुरू करतो.

जागा गोल मांडा. बाकं ओळीत असतील तर माणसं पुढे बघतात, एकमेकांकडे बघत नाहीत. आधी चहा, मग चर्चा. एक तास पुरे, आणि वेळेवर संपवा. शेवटची एसटी गाठायची असलेल्या माणसाचं चित्त घड्याळात असतं.

प्रश्नांचा क्रम मोडू नका. पहिली फेरी फक्त डोळ्यांची: 'कुठलं दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे?' एवढंच. याला चूक उत्तर नसतं, त्यामुळे लाजाळू माणूसही बोलतो. दुसरी फेरी मनाची: कुणाचा राग आला, कुणाची कीव आली, कुठे स्वतःचं काही आठवलं? तिसरी फेरी चित्रपटाच्या म्हणण्याची: या गोष्टीच्या मते माणूस कशानं वाचतो? पैशानं, प्रेमानं, सूडानं, शिक्षणानं, की वाचतच नाही? पवित्र शास्त्र उघडायचं ते चौथ्या फेरीत. त्याआधी नाही.

'श्वास' घेतला तर साधारण असं होतं. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे एकच दृश्य सांगतात: शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा नातवाला दवाखान्यातून परस्पर बाहेर नेतात आणि शहर दाखवत फिरवतात, कारण उद्यापासून त्याला काही दिसणार नाही. दुसऱ्या फेरीत मतभेद होतात. एखादा तरुण म्हणेल, आजोबांनी बरोबर केलं. मग चालवणाऱ्यानं निवृत्त परिचारिकेकडे वळावं: "सिस्टर, तुम्ही वॉर्डात असता आणि पेशंट असा गायब झाला असता, तर?" आता खोलीत दोन खरी माणसं समोरासमोर आली, कायदा पाळणारी आणि माया करणारी, आणि दोघंही चांगली. पुढचा प्रश्न अजून अवघड: लहान मुलाला हे सत्य सांगायचं कुणी, आणि किती? आपल्या घरांत कर्करोगाचं निदान पेशंटपासून लपवतात, आणि प्रार्थनेला आलेल्या माणसांनाही 'जरा बरं नाही' एवढंच सांगतात. प्रेमानं सत्य बोलणं म्हणजे नेमकं काय, हे इफिसकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायातलं वचन अशा वेळी पोटात उतरतं. नुसतं वाचून उतरत नाही.

काही अडचणी हमखास येतात. कुणीतरी म्हणेल, "हे सगळं जगाचं आहे, यात आपला वेळ का घालवायचा?" त्यांच्याशी वाद घालू नका. "काका, तुम्हाला यातलं काय खटकलं ते सांगा ना," असं विचारा. काकांना बहुधा खरंच काहीतरी खटकलेलं असतं आणि त्यात तथ्य असतं. एखादा सगळी पटकथा पहिल्यापासून सांगत सुटतो, त्याला मध्येच थांबवून त्याचं आवडतं दृश्य विचारा. आणि सुना गप्प बसल्या असतील, कारण सासूबाई समोर आहेत, तर पुढच्या वेळी दोन गट करा.

चालवणाऱ्यानं स्वतःचं मत शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवावं. ते सांगावं जरूर, पण 'मला असं दिसलं' अशा शब्दांत.

शास्त्राशी नातं जोडताना

संदेष्टा नाथान दावीदाला त्याचं पाप दाखवायला आला तेव्हा त्यानं आधी एका श्रीमंतानं गरिबाची एकुलती मेंढी हिसकावल्याची गोष्ट सांगितली (2 शमुवेल 12). दावीद त्या गोष्टीत पुरता शिरला, श्रीमंत माणसावर भडकला, आणि मगच 'तो माणूस तूच आहेस' हे वाक्य आलं. नाथानानं ते आधीच म्हटलं असतं तर राजा सावध झाला असता. सिनेमा आपल्यावर हेच काम करतो. आधी आपल्याला परक्याच्या दुःखात ओढतो. म्हणून गोष्ट अर्ध्यावर थांबवून वचन वाचायला घेऊ नका.

पौलाचंही तसंच. अथेनैत, म्हणजे अथेन्समध्ये, मूर्ती पाहून तो आतून पेटला होता, असं प्रेषितांची कृत्ये 17 स्पष्ट सांगतं. तरी तो फिरला, वेदीवरचा लेख वाचला, आणि अरीयपग नावाच्या तिथल्या सभेत उभा राहून त्यांच्याच कवींच्या ओळी घेऊन बोलला. राग आला तरी नीट वाचायचं, आणि वाचलं तरी आपलं म्हणणं सोडायचं नाही. दोन्ही एकाच अध्यायात आहे.

एक इशारा द्यायलाच हवा. प्रत्येक चित्रपटात ख्रिस्त शोधू नका. नायकानं हात पसरले की 'बघा क्रूस' असं म्हणणाऱ्यांनी ना ती गोष्ट ऐकलेली असते, ना क्रूसाचा भार ओळखलेला असतो. काही चित्रपटांत आशा नसतेच. 'या गोष्टीत सुटका नाही' असं मान्य करून त्या अंधारात थोडं बसणं, हाही प्रामाणिक प्रतिसाद आहे. विलापगीताचं पुस्तक आपल्या बायबलमध्ये उगाच नाही.

उपदेशात सिनेमा वापरायचा असेल तर

थोडक्यात सांगतो. उदाहरण तीन-चार वाक्यांत बसवा. अर्ध्या मंडळीनं पाहिला नसेल तर शेवट फोडू नका. नटाच्या खाजगी आयुष्यावर बोलू नका. उपासनेत दृश्यफीत लावण्याच्या मी विरोधात आहे: पडदा लागला की उरलेल्या वेळात लोकांना शब्द ऐकू येत नाही. आणि स्वतः न पाहिलेल्या चित्रपटाचा दाखला कधीही देऊ नका, मुलं लगेच ओळखतात.

आपण पडद्यावर कसे दिसतो

हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस आठवा. 'अनाडी'तल्या (1959) मिसेस डिसा, 'अमर अकबर अँथनी'तला (1977) अँथनी. मायाळू, विनोदी, तोडकंमोडकं हिंदी बोलणारी, अनेकदा बाटलीशी मैत्री असलेली माणसं. त्यात प्रेमही आहे, हे नाकारू नये. डिसाबाईंचं काम करणाऱ्या ललिता पवारांना विसरणं शक्य नाही. पण वाईच्या किंवा मिरजेच्या चर्चमधली काठापदराची साडी नेसलेली, पेटी-तबल्यावर टिळकांचं गीत म्हणणारी, शेतीचे आणि ऊसबिलाचे हिशोब करणारी मराठी ख्रिस्ती बाई पडद्यावर कुणी पाहिली आहे? आपले शेजारी आपल्याला सिनेमातून ओळखतात, आणि सिनेमात आपण नाहीच. यावर एक संध्याकाळ खर्च करा. इतर धर्मांच्या एक-दोन मित्रांना बोलवा आणि 'ख्रिस्ती म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं' ते त्यांच्या तोंडून ऐका.

एखादा चित्रपट आपल्या श्रद्धेची टर उडवतो असं कानावर आलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'सर्वांना पाठवा' पुढे ढकलण्याआधी थांबा. पंचांपैकी दोघांनी तो पाहावा. खरंच आक्षेपार्ह असेल तर नेमकं दृश्य आणि नेमकं कारण लिहून निर्मात्याला आणि प्रमाणन मंडळाला सभ्य पत्र पाठवावं. रस्त्यावर उतरून पडदा बंद पाडणं आपलं काम नव्हे. आपली प्रार्थना सभा कुणी बंद पाडली तर काय वाटतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

येशूच्या जीवनावरचा चित्रपट दाखवताना

तेलुगूतला 'करुणामयुडु' (1978) हिंदीत 'दयासागर' म्हणून आला आणि गावोगाव पांढऱ्या पडद्यावर लोकांनी पाहिला. ही परंपरा चांगली आहे, फक्त आमंत्रण खरं द्या. 'चित्रपट आहे, या' म्हणून शेजाऱ्यांना बोलवायचं आणि शेवटी दारं लावून ख्रिस्ताला स्वीकारण्याच्या निर्णयाचं आवाहन करायचं, ही फसवणूक आहे. त्यानं शेजारधर्म तुटतो आणि संशय वाढतो. पत्रिकेवर स्पष्ट लिहा: प्रभू येशूच्या जीवनावरचा चित्रपट, त्यानंतर चहा, ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी थांबावं. परवानग्या घ्या. उघड्यावर असेल तर लाउडस्पीकर रात्री 10 च्या आत बंद करा. आणि तुमच्या आळीतल्या उत्सवात शेजाऱ्यांनी ठेवलेल्या चित्रपटाला तुम्हीही जाऊन बसा.

घरी, मुलांबरोबर

मोठ्यांनी मोबाइल हिसकावून घेतला तर मुलं बघणं थांबवत नाहीत, सांगणं थांबवतात. आठवड्यातून एकदा टीव्हीवर एकत्र बघा आणि जेवताना एकच प्रश्न विचारा: 'तू तिच्या जागी असतीस तर?' वय पाहून नकार द्यायचा तिथे ठाम द्या, पण कारण सांगा. आणि तो नियम आईवडिलांनाही लागू ठेवा.

शेवटची पायरी: स्वतः करून बघा

सातारा जिल्ह्याला शूटिंगचं नवल राहिलेलं नाही. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस' (2004) चित्रित झाला, पुढेही वाई परिसरात मोठमोठे हिंदी चित्रपट आले. तिथे गर्दीत उभं राहिलेलं, दिवे वाहिलेलं, जेवण पुरवलेलं कुणीतरी तुमच्या मंडळीत किंवा शेजारात असेल. त्यांना तरुण संघात बोलवा. दोन मिनिटांच्या दृश्यामागे अख्खा दिवस कसा जातो ते ऐकलं, की मुलं सिनेमा वेगळ्या डोळ्यांनी बघू लागतात.

मग नाताळच्या नाटकाऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, पाच मिनिटांचा लघुपट करा. विषय दूर शोधू नका. मिशनच्या दवाखान्यात रात्रपाळ्या केलेली आजी, पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतलेल्या पणजोबांना वाळीत टाकल्याची घरात सांगतात ती हकिगत, दुष्काळात चारा छावणीवर गेलेला तरुण. साधा फोन चालेल. पैसे खर्च करायचेच असतील तर कॉलर माइकवर करा, कारण चित्र थोडं हललं तर लोक सोसतात, आवाज नीट आला नाही तर उठून जातात. खिडकीच्या उजेडात बसवा, पंखा बंद करा, आणि आजी बोलत असताना मध्ये 'हो, हो' म्हणू नका. सिनेमातलं गाजलेलं गाणं पाठीमागे लावायचं नाही, त्यालाही परवानगी लागते. मंडळीत पेटी वाजवणारं कुणी ना कुणी असतंच, त्यांच्याकडून वाजवून घ्या.

चित्रण झालं की मूळ फायली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. पहिलं प्रदर्शन ज्यांची गोष्ट आहे त्यांच्या घरी, त्यांच्या माणसांसमोर करा. त्यांनी एखादं वाक्य काढायला सांगितलं तर का म्हणून न विचारता ते काढा, आणि मगच बाहेर दाखवा.